अण्णांच्या नावाचा भुंगा

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही आणि माझं डोकंही ठिकाणावर आहे. भुंग्यांचं काम आहे, आणि भुंग्यांचं बोलणं कागदावरच करायचं हा अण्णांचा नियम मी अजून पाळतो. फोन तब्येती विचारण्यापुरता.

आमच्या संस्थेत नवा मायक्रोस्कोप आलाय. भुंग्याच्या मिशीवरचा एकेक केस पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. पहिल्याच दिवशी मला आपली राखी मंडळी आठवली. अण्णांनी जन्मभर झाडांच्या साली उकरून जमवलेले ते करडे लांबमिशे भुंगे, ज्यांच्या अळ्यांना बागवाले भिरूड म्हणून शिव्या घालतात. त्यांच्यात जाती नेमक्या किती, हे भिजत घोंगडं आपल्या घरात माझ्या जन्माआधीपासून पडलंय. ते वाळवायची हीच वेळ आहे.

तू पेटी पाठव. फोटो आणि मापं माझ्याकडे. लिहायचं दोघांनी. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं, आणि नवी जात निघाली तर तिला अण्णांचं नाव. त्यांचे डोळे पुरते जाण्याआधी छापलेला कागद त्यांच्या हातात द्यायचा.

खोटं कशाला बोलू, मलाही याचा उपयोग आहे. इथली नोकरी अजून कच्चीच. वर्षअखेर मोठे साहेब ठरवणार, ठेवायचं की नारळ द्यायचा. पोरगी आत्ताच कुठे शाळेत जायला लागली आहे.

तेव्हा नाही म्हणू नकोस.

तुझाच,
धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं, त्यांच्या नावाचं आणि डोळ्यांचं तेवढं गाळून. ‘नारळ’ आला तिथे ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, “दे त्याला पेटी. घरातलीच आहे.” मी म्हटलं, घरातली आहे म्हणूनच जिवावर येतंय. पण पाठवली आहे. टाचण्या खोल रोवल्या आहेत, चारी बाजूंनी कापूस भरलाय, आणि पार्सलवाल्याला इतक्यांदा ‘सांभाळून’ म्हटलं की शेवटी तोच म्हणाला, बाई, तुम्हीच बसा आत.

आता नीट वाच, कारण हे मी अण्णांशिवाय कुणाला बोललेली नाही.

आपण आजवर पाठीवरचे ठिपके मोजून भुंगे वेगळे केले. अण्णांनी केले, त्यांचं बघून आपण केले. पण ठिपके म्हणजे नुसती लव रे. भुंगा सालीच्या फटीतून आतबाहेर करतो तशी ती झडत जाते. चार ठिपक्यांचा म्हातारा झाला की दोन ठिपक्यांचा दिसतो आणि आपण त्याला उचलून दुसऱ्या खणात टाकतो. म्हणून तर कधी हिशोब जुळला नाही. आता मिशीचं पहिलं पेर बघ, डोक्याजवळचं, जाड. त्याच्या टोकाला एक बारीक वण असतो. काहींत त्या वणाची कड गोल फिरून बंद होते, काहींत एका बाजूला उघडी राहते. ही कड झडत नाही, झिजत नाही. तिच्यावरून मांडलं की सगळा गट मुकाट्याने दोन घरांत जाऊन बसतो. पुढे तिसऱ्या पेराच्या लांबीवरून त्या घरांत खोल्या पडतात. किती वर्षं मी या वणांकडे बघत होते आणि मला ते दिसत नव्हते, याचं मलाच हसू येतं.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “म्हणजे मी जन्मभर पावडर मोजली.” मला फार वाईट वाटलं. पण जेवताना स्वतःच म्हणाले, “वाढ आणखी, पावडर मोजून भूक लागली आहे.”

आपल्या घरची खूण विसरला नाहीस ना? जोडकाम केलेला भुंगा पेटीत तोंड खाली करून टोचलेला आहे, कोपऱ्यात उभ्या केलेल्या मुलासारखा. शाळेच्या पोरांना दाखवायच्या कपाटासाठी अण्णांनी ज्यांना दुसऱ्याच्या मिशा चिकटवल्या, ते हे. चिठ्ठी लावू म्हटलं की म्हणायचे, बिचाऱ्याच्या व्यंगाची जाहिरात कशाला. त्यांच्या मिशांवर काडीचा विश्वास ठेवू नकोस.

आमचे संग्रहालयाचे साहेब परवा खोलीत डोकावले आणि म्हणाले, “तुमच्या खोलीतून काही बाहेर पडतं का हो, का नुसता डांबरगोळ्यांचा वासच?” मी हसले. पण लागलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पेट्या झाडल्या-पुसल्या, एका कागदावर माझं नाव नाही. हा पहिला असेल. म्हणून म्हणते, घाई नको, पण रेंगाळूही नकोस.

तुझी,
ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

पेटी पोचली. एकाचीही तंगडी मोडलेली नाही. तुझ्या कापसाला सलाम.

आणि त्या वणाबद्दल काय लिहू! मी तुझं पत्र हातात घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. दिसतंय, अगदी तू म्हणतेस तसंच दिसतंय. ताई, तू कमाल केलीस. मोठ्या साहेबांना दाखवलं तर तेही दोन मिनिटं बोलेनात, आणि ते गप्प बसले असं इथे कुणाला आठवत नाही.

फोटोंचं काम सुरू झालंय. बाकी सविस्तर नंतर.

तुझाच,
धाकटा


३० एप्रिल

धाकट्या,

‘सविस्तर नंतर’ म्हणजे कधी? मी माझ्या बाजूचं लिहून ठेवलंय. गटाची ओळख, वणाचं वर्णन, कोणता भुंगा कोणत्या झाडावर मिळाला ते. तुझी मापं आली की एकत्र करायचं.

अण्णा हल्ली भलतेच खुशीत असतात. तुझा फोन आला की भिंतीला हात लावत लावत गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात. विचारलं तर म्हणतात, “तब्येतीचं बोलत होतो.” तब्येतीचं बोलून इतकं हसणारा माणूस मी पाहिला नाही. बापलेकांचं काहीतरी शिजतंय. नावाचं गुपित फोडलंस वाटतं त्यांच्यापाशी? फोडलं असशील तर फोड बाबा, त्यांना आनंद होतोय. मी काही माहीत नसल्यासारखी वागते.

साहेबांना मी सांगून टाकलं की खोलीतून एक गोष्ट बाहेर पडते आहे. त्यांनी भुवया उंचावल्या. आता मला तोंडघशी पाडू नकोस.

तुझी,
ताई


२२ मे

प्रिय ताई,

रागावू नकोस. इथे कामाचा नुसता डोंगर आहे. मोठ्या साहेबांना प्रत्येक फोटो तीनतीनदा बघायचा असतो. तुझं लिखाण पाठव, म्हणजे भाषा एकसारखी करता येईल. अण्णांना जप. ते खुशीत आहेत हे वाचून बरं वाटलं.

घाईत आहे.

धाकटा


८ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र मी अण्णांना वाचून दाखवलेलं नाही.

काल साहेब माझ्या टेबलापाशी आले. हातात छापील अंक होता. म्हणाले, “अहो, तुमच्या भावाने नाव काढलं! आणि तुम्हीही आहात की यात, शेवटी बघा.” मी शेवट बघितला. आभारांच्या ओळीत, वीज गेल्यावर बॅटरी धरणाऱ्या शिपायाच्या वरती, ‘नमुन्यांची पेटी उपलब्ध करून दिल्याबद्दल’ मी आहे.

मग पहिलं पान बघितलं. तुझं नाव, त्याखाली तुझ्या मोठ्या साहेबांचं. आत माझा वण, माझी कड, माझी दोन घरं. झाडांची माहिती मी पाठवली तशीच्या तशी. ‘मुकाट्याने’ हा शब्द तेवढा काढलाय. भाषा एकसारखी करायची होती ना? केलीस, पुरती तुझ्यासारखी केलीस.

परक्याने केलं असतं तर मी भांडले असते. तुझ्याशी काय भांडू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुंग्यांनी वारूळ बांधायचं आणि नागोबाने त्यात राहायला यायचं, हे ऐकलं होतं. पण हा नागोबा माझ्या मांडीवर झोपून मोठा झालाय. साहेबांसमोर मी चक्क हसले. म्हटलं, हो, भाऊ हुशार आहे आमचा. ते गेल्यावर दार लावलं आणि रडले. पुढच्या ओळी लिहितानाही डोळे धड नाहीत, अक्षर समजून घे.

तरीही सांगते, अण्णांच्या नावाची जात बघून क्षणभर मी सगळं विसरले. म्हटलं, जाऊ दे, त्यांचं नाव तर आलं. मग फोटो नीट बघितला.

धाकट्या, तो कपाटातला भुंगा आहे. डाव्या खांद्यावरचा टवका मी कुठेही ओळखीन. पाठ साध्या चार ठिपकेवाल्याची आहे, म्हणजे बंद कडेच्या घरातल्याची, आणि मिशा उघड्या कडेवाल्याच्या. अशी पाठ आणि अशी मिशी एका अंगावर जगात कुठे नाहीत, म्हणून तुला ती नवी जात वाटली. ती नवी नाहीच. दोन मेलेले भुंगे आणि थोडासा लाखेचा डिंक, एवढीच ती जात आहे.

पेटीत तो तोंड खाली करून होता. तुला घरची खूण माहीत होती, वर मी पत्रातही लिहिली होती. मग हे झालं कसं? कोमट स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश मिशीच्या बुडाशी लाव. चिकटवलेली असेल तर सुटून येईल. कर, आणि मला कळव.

ताई


२१ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिव्या दे, मला त्या मिळायलाच हव्यात.

पेटी मी उघडली नव्हती. इथे हाताखाली एक मुलगी आहे, फोटो ती काढते. तिने सगळे भुंगे बाहेर काढून एका दिशेला नीट लावले. तिला काय माहीत आपल्या घरात कोणाला कोपऱ्यात उभं करतात ते. मी बसलो तेव्हा सगळे शहाण्यासारखे वर तोंड करून होते.

नावाचं सांगतो. मोठे साहेब म्हणाले, बाहेरच्या माणसाचं नाव पहिलं असेल तर हे काम संस्थेचं धरता येणार नाही, आणि संस्थेचं नसेल तर माझ्या नोकरीसाठी त्याचा उपयोग नाही. तुझं नाव दुसरं ठेवायलाही ते तयार नव्हते. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “तू तुझं कर. ताईला मी समजावतो, ती समजूतदार आहे.” मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल. नाही, खरं लिहितो. तुझ्या पत्रांवरून दिसत होतं की सांगितलेलं नाही. मी गप्प बसलो.

पण भुंग्याच्या बाबतीत तू चुकते आहेस. छापण्याआधी मला मिशीच्या बुडाशी थोडी चकाकी दिसली होती. मी ते वाऱ्यावर सोडलं नाही. अण्णांना विचारलं, खांद्यावर टवका असलेला, हा जोडलेला आहे का? ते म्हणाले, “मिशा त्याच्याच आहेत, बिनधास्त छाप.” ज्याने पकडला, टाचणी मारली, त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? तुझी आठवण दुसऱ्या एखाद्या भुंग्याची असेल. स्पिरिट लावायला साहेब परवानगी देणार नाहीत. ज्याच्यावरून जातीला नाव दिलं तो मूळ नमुना आता तोच आहे, संस्थेच्या कपाटात कुलुपात आहे.

माझी नोकरी पक्की झाली. अण्णांना त्यांच्या नावाची जात मिळाली. हे भुंगे जगात तुझ्यामाझ्याखेरीज बघतो कोण? तुला काही लिहायचंच असेल तर अण्णा आहेत तोवर थांब. त्यांच्यासाठी थांब, माझ्यासाठी नको. पुढच्या कामावर तुझं नाव पहिलं असेल, पोरीची शपथ.

धाकटा


१४ सप्टेंबर

धाकट्या,

पोरीची शपथ घेऊ नकोस. तिने काय बिघडवलंय तुझं?

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा वाटलं, खरंच मीच चुकले असेन. अण्णा खोटं बोलतील हे मनाला शिवेचना. ज्या माणसाने मी एका चिठ्ठीवर झाडाचं नाव अंदाजाने लिहिलं म्हणून अख्खा उन्हाळा मला पेटीला हात लावू दिला नव्हता, तो माणूस भुंग्याबद्दल खोटं बोलेल? मी शाळेत जाणारी पोर होते. तुला तेव्हा मिशी कशाशी खातात हे माहीत नव्हतं.

चार दिवस विचारायला धजले नाही. मग रविवारी दुपारी विचारलं. अण्णा खिडकीपाशी बसून वाकलेल्या टाचण्या बोटांनी चाचपून सरळ करत होते. आता तेवढंच काम जमतं त्यांना.

मी म्हटलं, “अण्णा, तुमच्या नावाचा भुंगा. खांद्यावर टवका असलेला. तो कपाटातला ना?”

“मिशा त्याच्याच आहेत,” ते म्हणाले. मी मिशांचं नावही काढलं नव्हतं.

“डिंक मी गरम केला होता अण्णा. तुम्ही म्हणालात, श्वास धरून बस, नाहीतर मिशी उडेल. मी धरून बसले होते.”

त्यांनी हातातली टाचणी खाली ठेवली. म्हणाले, “तुला माहीतच आहे तर विचारतेस कशाला?”

“तुम्ही त्याला खोटं का सांगितलंत?”

“त्याची नोकरी जात होती. घरी बायको, मूल. तो विचारत होता तेव्हा त्याचा आवाज कापत होता. मी काय सांगायला हवं होतं?”

“आणि माझं काम?”

ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझा आवाज आला त्या बाजूला. आणि अगदी मायेने म्हणाले रे, चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “तुझं काय ताई? तुला तुझी खोली आहे, तुझे भुंगे आहेत. तुला कधी काही लागलंच नाही.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. कधी काही लागलंच नाही! त्यांचं बघायला कुणीतरी हवं म्हणून मी दुसऱ्या गावची चांगली जागा सोडली, तेव्हाही मला काही लागलं नव्हतं. तू निघालास तेव्हा तुझी बॅग मी भरली, तेव्हाही नाही. मी मागितलं नाही, म्हणून मला नको होतं असं तुम्ही दोघांनी धरून टाकलं. तुझ्यावर राग आहे तो आहेच. तो कधीतरी निवेलही. पण अण्णांनी माझा केसाने गळा कापला, आणि त्यांना ते अजून कळलेलंही नाही. त्यांना वाटतं, आपण एका मुलाला वाचवलं. दुसऱ्या मुलाचं काही गेलं हे त्यांच्या ध्यानीमनी नाही.

तू लिहितोस, अण्णा आहेत तोवर थांब. मी थांबलेले नाही. त्या भुंग्यावरची दुरुस्ती लिहून अंकाकडे पाठवली आहे. पाठवण्याआधी अण्णांना वाचून दाखवली, कारण भुंग्यांचं त्यांच्यापासून काही लपवायचं नाही हे मला त्यांनीच शिकवलंय. तुम्ही ते मोडलंत म्हणून मी मोडायचं कारण नाही. त्यात लिहिलंय की ही जात अस्तित्वात नाही. पाठ एकाची, मिशा दुसऱ्याच्या. जोडकाम घरी झालं आणि ते होताना मी हजर होते. वणाची कड पहिल्यांदा कुणी बघितली तेही लिहिलंय. तुझं १२ मार्चचं पत्र सोबत जोडलंय. रागाने नाही जोडलं. दुसरं काही नव्हतं माझ्याजवळ.

एक वाक्य होतं की संग्राहकाला विचारलं असता त्यांनी मिशा मूळच्या असल्याचं सांगितलं. ते ऐकून अण्णांनी मला हाताने थांबवलं. मग म्हणाले, “तेवढं वाक्य काढशील?”

मी काढलं. समोर बसून काढलं आणि त्याशिवायचा मजकूर पुन्हा वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. ज्या बापाने मला चुकीच्या झाडाची शिक्षा दिली होती, तो आज माझ्यापुढे मान खाली घालून बसला होता. मला त्यात काडीचंही समाधान मिळालं नाही.

तेव्हा आता छापून येईल त्यात चूक तुझी एकट्याची दिसेल. तुला तो अन्याय वाटेल. वाटू दे. नोकरीचं काय होतं ते होवो. माझ्याकडे त्यासाठी शब्द टाकू नकोस, माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही, तुम्ही ती ठेवलेली नाही.

मला एवढंच सांगायचं होतं. मिशीच्या बुडाशी चकाकी दिसली म्हणजे डिंक, हे आपल्या घरातल्या मांजरालाही कळलं असतं. तुला कळलं होतं. तू अण्णांना फोन केलास तो विचारायला नाही केलास. तुला कुणीतरी ‘त्याच्याच आहेत’ म्हणायला हवं होतं, आणि कोण म्हणेल हे तुला पक्कं माहीत होतं. तो डिंक गरम करणारी मी, ही पेटी बांधून पाठवणारी मी, आणि फोन आमच्या घरी एकच आहे, तो बहुतेक वेळा मीच उचलते. तू दर वेळी म्हणायचास, अण्णांना दे.

मला विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं. म्हणूनच तू मला विचारलं नाहीस.

पेटी परत पाठव.

ताई